साखराबाईनं ग्रुपवर टाकलेला फोटो

लिंबागणेशच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला वीस-पंचवीस घरांची धनगरवस्ती आहे. तिथं साखराबाईचं घर कोणतं असं विचारायची गरज पडत नाही. तिचा आवाज आधी कानावर येतो आणि मग घर दिसतं. बाई उंचीनं बेताची, अंगानं काटक, पण बोलायला लागली की समोरचा दोन पावलं मागं सरकतो. आधी करायचं आणि मग विचार करायचा, हा तिचा जन्माचा स्वभाव. लग्नात म्हणे नवऱ्यानं हार घालायला उशीर लावला, तर हिनंच त्याच्या हातातला हार ओढून स्वतःच्या गळ्यात घातला होता. धुळाजी, तिचा नवरा, ही गोष्ट अजून कबूल करत नाही. पण नाही म्हणताना हसतो.

धुळाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा, तो थेट पावसाळ्याला परत. तेलगावच्या बाजूला ऊस-कापूस निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, असं शेतकऱ्यांचं नि त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जमलेलं. साखराबाईही चौदा वर्षं त्याच्यामागं फिरली. लेक धनश्री आठवीत गेली तेव्हा मात्र तिनं पाय रोवले. "पोरीची शाळा बुडाया लागली. आता मी घरी ऱ्हाते, तुमी जावा," म्हणाली. तेव्हापासून घरामागच्या जाळीच्या कुंपणात म्हाताऱ्या मेंढ्या, आजारी मेंढ्या आणि कोकरं सांभाळत ती वस्तीवर राहू लागली.

तिला अक्षर एक येत नाही. पण दीडशे मेंढरांत कोणती कुणाची लेक नि कुणाची नात, हे ती तोंडाकडे बघून सांगते. माणसाचंही तसंच. एकदा बघितलेलं तोंड ती विसरत नाही.

घरात मोबाइल आला तो धनश्री नववीला असताना. नाव साखराबाईचं, पण चालवायची धनश्री. दिवसभर मात्र फोन घरीच राहायचा, कारण धुळाजीचा फोन कधी येईल सांगता येत नसे. तो कुठल्या रानात आहे, कोणती मेंढी लंगडायलीय, हे सगळं त्याच्यावरच कळायचं. पोरीनं आईला एवढंच शिकवलं होतं की हिरव्या खुणेवर दाबायचं, अंगठा दाबून धरून बोलायचं, आणि फोटो असा धाडायचा. साखराबाईला तेवढं पुरलं. जिल्ह्यातल्या मेंढपाळांचा एक ग्रुप होता, आठशेच्या वर माणसं. त्याच्यावर बाकीचे राम राम घालायचे, देवाचे फोटो टाकायचे. साखराबाईचा मात्र सकाळी सकाळी आवाज यायचा, "साखराबाई बोलतीय लिंबागणेशची. ऐका रे समदे!" आणि आठशे माणसं खरंच ऐकायची.

त्याचं कारणही तसंच होतं. दोन वर्षांमागं तेलगावच्या रानातून धुळाजीची अकरा मेंढरं रातोरात कुणीतरी उचलली. धुळाजी डोक्याला हात लावून बसला. साखराबाईनं कुणाला काही विचारलं नाही, एका दुकानाच्या कॅमेऱ्यात आलेल्या टेम्पोचा फोटो मिळवला, ग्रुपवर टाकला आणि खाली बोलली, "ह्यो टेम्पो कुनाच्या वळखीचा हाय? सांगल त्याच्या घरी मी पुरनपोळी घेऊन यीन." दुपारपर्यंत टेम्पो कुणाचा ते कळलं, संध्याकाळपर्यंत नऊ मेंढरं परत आली. दोन कापली गेली होती. त्या दिवसापासून धनगरांत एक रीतच पडली. जनावर हरवलं, चोर दिसला, की फोटो ग्रुपवर. घरात आरडाओरडा नंतर.

वस्तीवर फोनच्या नावानं बोटं मोडणारेही होतेच. पण साखराबाई ऐकून घेत नसे. मागच्या वर्षी एक मेंढी अडली होती, कोकराचा पाय मागं राहिलेला, जनावरांचा डॉक्टर गावाला गेलेला. धनश्रीनं फोनवर व्हिडिओ लावला, दोनदा बघितला, हाताला तेल चोपडलं आणि अर्ध्या तासात कोकरू बाहेर काढलं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात जनावरांची डॉक्टर व्हायचं बसलं. अकरावीला सायन्स घेतलं, रोज एसटीनं बीडला जाऊ लागली. "माझी लेक फोनवर शिकून मेंढी सोडवती, तुमची पोरं फोनवर काय करत्यात ते बघा आधी," असं साखराबाई पारावर तोंडावर सांगायची.

आणि दिवाळीच्या आधी तिनंच लेकीला विकायला काढलेल्या एका नर मेंढ्याच्या, एडक्याच्या, व्हिडिओत उभं केलं. एडका होता मोठा देखणा, कमानदार नाकाचा. दलालाच्या हाती द्यायचा नाही, फोनवरच गिऱ्हाईक बघायचं, असं ठरलं. बोलायला धनश्री बरी. एडक्याच्या गळ्यात हात टाकून ती हसत हसत त्याचं वय, दात, वजन सांगत होती, आणि शेवटी नंबर. साखराबाईनं स्वतःच्या हातानं तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. एडका आठवड्यात विकला गेला. व्हिडिओ मात्र फिरतच राहिला. कुणीतरी त्याच्यावर गाणं चढवलं. महिनाभर फोन यायचे, "एडका हाय का इकायचा?" आणि हळूच, "व्हिडिओतली पोरगी कोन हाय वो?" साखराबाई अशांच्या सात पिढ्या काढायची. तिला वाटलं, शिव्या घातल्या, विषय संपला.

संपला नव्हता. माघात धनश्रीचं काहीतरी बिनसलं. ताटावर बसायची, दोन घास उकरायची, उठायची. फोन वाजला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. साखराबाईनं दोन-चारदा विचारलं.

"काय झालंय गं?"

"काय न्हाई."

"मग जेवत कावून न्हाईस?"

"पोट दुखतंय."

पोट एवढे दिवस दुखत नसतं, हे साखराबाईला कळत होतं. पण वयात आलेली पोर, खोदून विचारलं तर आणखी आत शिरेल, म्हणून ती गप्प बसली. तिच्या जन्मात ती एवढी गप्प कधी बसली नसेल.

एक दिवस धनश्री कॉलेजला गेली. साखराबाईला ग्रुपवर आजारी मेंढीच्या तोंडाचा फोटो टाकून औषध विचारायचं होतं, म्हणून ती फोनमधले फोटो चाळत बसली. मेंढी, कोकरू, कोकरू, वहीची पानं, आणि मग एक फोटो आला. वर कोपऱ्यात एका माणसाचं तोंड, गॉगल लावलेला, गाडीला टेकून उभा. बाजूला नंबर. खाली धनश्रीचाच फोटो, मामाच्या लग्नातला, मोकळ्या केसांचा. आणि मध्ये नि खाली बारीक बारीक अक्षरं.

साखराबाईनं फोन डोळ्याजवळ नेला. अक्षरांत काय आहे ते कळत नव्हतं, पण तोंड कळत होतं. हा कुणी कॉलेजचा पोरगा नव्हता. तिशीला टेकलेला बाप्या होता. ह्यानंच पोरीच्या तोंडचा घास काढून घेतलाय, हे तिनं ओळखलं, आणि ते बरोबरच ओळखलं. पोरगी संध्याकाळी येईल, तिला विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण ती खरं सांगेल कशावरून? आणि तोवर हा मेला पळाला तर?

तिनं तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली अंगठा दाबून बोलली, "साखराबाई बोलतीय लिंबागणेशची. ह्यो मानूस कुनाच्या वळखीचा हाय? माझ्या लेकीला तरास द्यायलाय. लवकर सांगा रे, भावांनो!"

भावांनी सांगितलं. तासाभरात कळलं की हा हरिओम, सिरसाळ्याकडचा, बाजाराला जनावरं नेणारा टेम्पो चालवतो. दुपारपर्यंत धुळाजी नि त्याचा जोडीदार तानाजी त्याच्या दारात उभे होते. दोन-चार ठेवून दिल्या आणि पोलिसांच्या हवाली केलं. धुळाजीचा फोन आला, "घावला बघ मेला." साखराबाई अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "धनगराच्या पोरीच्या वाटंला जातोस व्हय रे!" शेजारणींनी वाहवा केली. तिनं कोकरांना जास्तीचा पाला टाकला.

तेवढ्यात बीडहून मोहिनीचा फोन आला. मोहिनी तिची धाकटी बहीण, बारावी झालेली, अंगणवाडीत काम करणारी.

"अगं साखरे, तू काय टाकलंस ते? टाकायच्या आधी वाचून घेतलंस का कुनाकडून?"

"मला कुठं वाचाया येतं?"

"अगं, त्यात धनूनं लिहिलंय, 'मी येते म्हणाले होते.' समदे तेवढंच वाचायलेत. माझ्याकडं तीन ठिकानाहून आलंय. पोरीच्या फोटोसकट!"

साखराबाई उंबऱ्यावर बसली. तिनं फोन उघडला, ग्रुपवरचा तो फोटो दाबून धरला, कचऱ्याच्या डब्याची खूण दाबली. तीन ओळी आल्या. कोणती काय म्हणते हे तिला कुठं माहीत? तिनं मधली दाबली. फोटो गेला, आवाजही तसाच घालवला. देवा, गेलं बाबा, म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. पण मधली ओळ फक्त आपल्या फोनमधून पुसायची होती. आठशे जणांच्या फोनमध्ये सगळं जसंच्या तसं राहिलं, आणि सगळ्यांच्या फोनमधून पुसायची जी एक वाट होती ती मात्र तिच्या हातानं बंद झाली.

संध्याकाळी धनश्री एसटीतून उतरली. एसटीतच मागच्या बाकावर कुणीतरी तिला दाखवलं होतं. ती रडत नव्हती. दप्तर काढून तिनं खुंटीला लावलं आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, तो फोटो तू टाकलास का?"

आणि इथं साखराबाई, जिच्या आवाजाला पारावरचे म्हातारे दबून असत, ती खोटं बोलली. "मी? म्या कशाला टाकू? त्या मेल्यानंच टाकला असंल." बोलून गेली, आणि बोललेलं परत घ्यायचा धीर तिला झाला नाही. धनश्रीनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आईनं ऊन ऊन भाकरी तिच्यासमोर ठेवली. ती तिथंच वाळली.

दुसऱ्या दिवशी महिला पोलीस आल्या, सत्यभामा मॅडम. चांगल्या होत्या. चहा घेतला, कोकरांना हात लावला, धनश्रीला बाजूला बसवून हळू आवाजात विचारलं. धनश्रीनं सगळं सांगितलं. हरिओमनं आधी एडक्यासाठी फोन केला होता. मग मेंढरांच्या औषधांचे व्हिडिओ पाठवू लागला. चांगले असायचे व्हिडिओ, म्हणून हीही बोलू लागली. महिना-दीड महिना नीट बोलला, मग भेटायला ये म्हणू लागला. नाही म्हटलं तर तिचा लग्नातला फोटो, जो तिनं फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला होता, तो काढून घेतला आणि धमक्या द्यायला लागला.

"ह्याच्यात तुझी काय चूक न्हाई बाळा," मॅडम म्हणाल्या. "त्याला आमी बघतो. पन ह्यो फोटो गावोगाव फिरतोय, तो कुनी सोडला ते कळायला पाहिजे. अठराच्या आतल्या पोरीचं असलं काही फिरवनं, हाच मुळात गुन्हा हाय." आणि त्यांनी आपला फोन काढून, त्यांच्यापर्यंत फिरत आलेला आवाज लावला.

"साखराबाई बोलतीय लिंबागणेशची..."

धनश्रीनं आईकडं बघितलं. ओरडली असती, शिवी दिली असती, तर साखराबाईला सोसलं असतं. पण ती नुसती बघत राहिली आणि मग मॅडमना म्हणाली, "आईला वाचता येत न्हाई. तिच्यावर काही करू नका." बस्स. त्यानंतर आठ दिवस ती आईशी कामापुरतंही बोलली नाही. मॅडमच्या सांगण्यावरून साखराबाईनं ग्रुपवर हात जोडून सांगितलं, "पुसून टाका रे, पाया पडते तुमच्या." कित्येकांनी पुसलं असेल. पण गेलेलं कुठं कुठं गेलं होतं, ते कोण मोजणार?

कॉलेजचं जाणं बंद पडलं. एसटीत पोरं "एडका हाय का इकायचा?" म्हणून ओरडायची. धनश्री दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी स्टँडवरूनच परत आली.

तोवर गावात गहिनीनाथरावांनी बैठक बोलावली. गहिनीनाथराव म्हणजे पन्नास एकराचे धनी, दोनदा सरपंच झालेले. दिवाळीला निघायच्या आधी त्यांच्या रानात धुळाजीच्या बापापासून मेंढरं बसतात. माणूस वाईट नाही, अडीनडीला उभा राहतो, पण आपण बोललो म्हणजे ठरलं असं धरून चालणारा. मारुतीच्या पारावर सगळे जमले. धुळाजीही मेंढरं तानाजीच्या हवाली करून आला होता, मान खाली घालून कडेला बसला होता.

"अठरा वर्सांच्या आतल्या पोरीच्या हातात मोबाइल द्यायचा न्हाई," गहिनीनाथराव म्हणाले. "आज धुळाजीच्या पोरीवर आलं, उद्या आपल्यावर यील. समद्यांनी पोरींचे फोन इथं आनून द्यायचे. साखराबाई, सुरुवात तुझ्यापासून. तू दिलास तर बाकीचे देतील."

खरं सांगायचं तर साखराबाईला तो फोन नकोच झाला होता. विहिरीत टाकावा, दगडानं ठेचावा, असं तिला रोज वाटत होतं. ती उठली, कमरेच्या पिशवीतून फोन काढला, चार पावलं पुढंही गेली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीनंच लिवलंय ना, मी येते म्हनून. मग दुसऱ्याला कशाला बोल लावायचा?"

साखराबाई जागच्या जागी थांबली.

"कोन बोललं? उठून बोल की!" कुणी उठलं नाही. "ऐका मग. माझ्या पोरीनं तो फोटो कुनाला दावला न्हाई. म्या टाकला. ह्या हातानं. एडक्याच्या व्हिडिओत तिला म्याच हुबी केली, नंबर म्याच दिला. आन पोरीनं इचारलं तवा मी खोटं बोलले. माझं वय चव्वेचाळीस हाय. आता सांगा, फोन कुनाचा काढून घ्यायचा? अठराच्या आतल्यांचा का माझा?"

गहिनीनाथराव मात्र मुरलेला माणूस. ते रागावले नाहीत.

"साखरे, तुझं खरं हाय. पन मला एक सांग. तू मेंढरं जाळीबिगर ठिवतीस का? लांडगा यील म्हनून जाळी लावतीसच ना? मग पोरींना जाळी नको?"

हा प्रश्न वावगा नव्हता. साखराबाईनं फोन परत कमरेच्या पिशवीत घातला.

"जाळी लावावी," ती म्हणाली. "न्हाई कोन म्हनतंय? पन सकाळी काढावीबी लागती, मालक. आत ठिवून ठिवून मेंढरू उपाशी मरतं. आन जाळी लावून मेंढपाळ झोपत न्हाई, जागा ऱ्हातो. तुमी जाळी लावून घरी जाऊन झोपनार. तुमची लेक प्रियदर्शनी माझ्या धनूएवढीच हाय, संभाजीनगरला शिकती. तिचाबी फोन आना मग इथं."

"तिचं येगळं हाय," गहिनीनाथराव म्हणाले. "तिला शिक्षनासाठी लागतो."

"माझीला काय गोट्या खेळाया लागतो व्हय?"

काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. पण बोलण्यानं बैठकी जिंकता येत नाहीत. त्या दिवशी पारावर सहा पोरींचे फोन जमा झाले. पोरांचा एकही नाही. साखराबाईनं आपला दिला नाही, आणि उतरताना गहिनीनाथराव धुळाजीला सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या वर्षी मेंढरं बसवायचं आपन नंतर बघू."

घरी आल्यावर धुळाजी भडकला. सहसा भडकणारा माणूस नाही तो, म्हणून जास्त वाईट वाटलं.

"आता बास झालं! पोरगी माझ्यासंगं मेंढरामागं यील. फोन विहिरीत टाक. वरीसभरात एखादं स्थळ बघून टाकू."

"आन कॉलेज?"

"कसलं कॉलेज! एसटीत बसाया येत न्हाई तिला, आन म्हनं कॉलेज!"

धनश्री आतल्या खोलीत होती. सगळं ऐकू जात असणार. थोड्या वेळानं आतून पुस्तकं आवरल्याचा आवाज आला. पोरगी बापाच्या मागं जायची तयारी करत होती. मेंढी सोडवणारी पोर, हट्टी पोर, आज एक शब्द न बोलता पुस्तकं पोत्यात भरायलीय. आणि हे सगळं कुणामुळं?

"ती न्हाई येनार," साखराबाई म्हणाली. "मी येते. घर बंद करू, कोकरं संगं घेऊ. चौदा वर्सं हिंडले, आनखी हिंडीन. धनू मोहिनीकडं बीडला ऱ्हाईल. तिथनं कॉलेजला पायी जाता येतं, एसटी नको नि कुनी नको."

"आन फोन?"

"फोन तिच्याजवळ ऱ्हाईल."

धुळाजीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिला वेड लागलंय. "एवढं झालं तरी?"

"एवढं झालं म्हनूनच. ते फोनवरनं गेलं न्हाई, माझ्या हातनं गेलं," ती म्हणाली. पण आपण बरोबर करतोय का चूक, हे तिला खरंच कळत नव्हतं. बीडला पोरगी एकटी, फोन हातात, आणि जगात हरिओम काय एकच आहे? तिनं मोहिनीला तीनदा फोन करून तेच तेच सांगितलं. मोहिनी शेवटी म्हणाली, "साखरे, मी तिच्यावर पाळत ठिवनार न्हाई. तिच्याशी बोलत ऱ्हाईन. चालंल का?" साखराबाई चालंल म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

निघायच्या दिवशी दुपारी धुळाजी कोकरं टेम्पोत चढवत होता. घरात दोघीच होत्या. धनश्रीची पिशवी भरून तयार होती. साखराबाईनं फोन पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला. दिला, पण सोडला नाही.

"धनू, मला त्यात काय लिवलंय ते वाचून दाव. समदं. गाव वाचून बसलंय, मलाच ठावं न्हाई."

धनश्रीनं फोन आईच्या हातातून सोडवून घेतला. मग तिनं फोन उघडला. तो फोटो अजून तिच्याकडं होता. तिनं काहीही सूर न लावता, शाळेत धडा वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. वर हरिओमचं होतं: "परवा तेलगावच्या स्टँडवर ये. नाही आलीस तर हा फोटो माझ्या फोटोला जोडून गावभर टाकीन." मग तो फोटो. आणि त्याच्याखाली धनश्रीनं लिहिलेलं.

"मी येते म्हणाले होते, ते तुम्ही भीती घातली म्हणून. मी येणार नाही. फोटो टाकायचा तर टाका." धनश्री थांबली. मग तिनं शेवटचं वाचलं. "मी उद्या आईला सगळं सांगणार आहे. माझी आई कुणाला भीत नाही."

साखराबाईनं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुला दाखवायलाच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता तो," धनश्री म्हणाली. "रात्री धीर झाला न्हाई. म्हटलं, कॉलेजवरून आले की सांगू."

बाहेरून धुळाजीनं हाक मारली. कोकरं ओरडत होती. साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं.

"पुन्यांदा असं काय झालं तर सांगशील मला?"

धनश्रीनं फोन बंद करून पिशवीत घातला, चेन ओढली. आईकडं तिनं सरळ बघितलं, त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"माहीत न्हाई, आई," ती म्हणाली. "खरंच माहीत न्हाई." आणि एसटीची वेळ झाली होती म्हणून ती उठली.